फेरारातली दुसरी खोली

शनिवार, ८ फेब्रुवारी. रक्कम दोनशे अठ्ठ्याऐंशी युरो, म्हणजे कार्डावर तीनशे डॉलरला थोडे कमी. हजर चौघं. वेस्ट विंडसरच्या आमच्या स्वयंपाकघरात मी आणि बायको, आणि टेबलावर उभ्या केलेल्या टॅबलेटच्या पडद्यावर, प्लेनोहून, माझा मित्र आणि वहिनी. इटलीतल्या फेरारा नावाच्या लहानशा जुन्या शहरात मे महिन्यात चार रात्री राहायचं, दोन खोल्या घ्यायच्या, अर्धे पैसे आत्ता भरायचे आणि अर्धे तिथे गेल्यावर, असं ठरलं. कार्ड माझं होतं. एकाने भरायचे आणि हिशोब नंतर करायचा, ही आमची वर्षानुवर्षांची पद्धत.

"एकदा भरले की हे पैसे परत मिळणार नाहीत," मी म्हटलं. "कुणाच्या मनात काही असेल तर आत्ता बोला."

"अरे ऑडिटर, भर ना," मित्र म्हणाला. "तू ठरवशील ते फायनल."

"भावजी, तुम्ही बघितलंय म्हणजे आम्हाला काही बघायलाच नको," वहिनी म्हणाल्या.

मी भरले.

मी आणि तो एकाच वर्षी, एकाच कंपनीतर्फे अमेरिकेत आलो. पहिली दोन वर्षं न्यू जर्सीत एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये एकत्र काढली. पुढे लग्नं झाल्यावर चौघं मिळून एकाच गाडीतून हिंडायचो. हायवेवरच्या विश्रांतीच्या जागी मोटेलांच्या कुपनांची फुकट पुस्तकं ठेवलेली असत. मी गाडीत बसून त्यातून खोली निवडायचो आणि तो काउंटरवर जाऊन आणखी पाच डॉलर कमी करून आणायचा. बायका पलंगावर, आम्ही दोघं खाली गालिच्यावर. सकाळी उठून तो म्हणायचा, "रात्रीत किती वाचले सांग." मी आकडा सांगायचो. तो त्या आकड्यावर इतका खूष व्हायचा की नाश्त्याला आम्ही त्यातले निम्मे उडवायचो.

त्यानंतर ग्रीन कार्डाच्या रांगेत आमची बरीच वर्षं गेली. भारतात जाऊन यायलाही धाकधूक असायची. व्हिसाच्या स्टँपिंगला अडकलो तर नोकरी जायची, म्हणून तिसऱ्या देशात जाण्याचा विषयच नव्हता. तेव्हाच ठरलं होतं की दोघांची कार्डं हातात आली की पहिला प्रवास चौघांनी मिळून करायचा. मधे तो नोकरीसाठी प्लेनोला गेला. माझं कार्ड त्याच्या दीड वर्ष आधी आलं. बायको म्हणाली, आपण कुठेतरी जाऊन येऊ. मी म्हटलं, त्याचं येऊ दे. गेल्या दिवाळीच्या सुमाराला त्याचं आलं. त्याने फोन केला तेव्हा आधी हेच विचारलं, कुठे जायचं?

फेरारा मी शोधलं ते त्याच्याच सांगण्यावरून. त्याला जुनं शहर हवं होतं, तटबंदी असलेलं, पण गर्दी नको होती. व्हेनिस आणि फ्लॉरेन्समधले खोल्यांचे भाव बघून मी ती नावं खोडली. फेरारा त्या दोन्हींच्या मानाने स्वस्त. बोलोन्याहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं, आणि आत सगळं सपाट, चालण्यासारखं. राहायच्या जागा बघताना मी आधी वाईट अभिप्राय वाचतो. चांगले सगळे सारखेच असतात. वाईट अभिप्रायांतून कळतं की गरम पाणी कधी जातं, खाली बार किती वाजेपर्यंत चालतो, लिफ्ट आहे म्हणतात ती कुठून सुरू होते. अशा तीसेक जागा वाचून मी तटाच्या आतलं चार खोल्यांचं एक घर निवडलं. साठी ओलांडलेल्या एक बाई ते एकट्या चालवतात. वेबसाइटवर खोली पंचाऐंशी युरोला होती. मी बाईंना थेट लिहिलं तेव्हा त्या बहात्तरला तयार झाल्या.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. म्हणून मी एक खोली तळमजल्यावरची मागितली, आणि न्हाणीचा उंबरा किती उंच आहे ते विचारलं. बाईंनी उंबऱ्याला मोजपट्टी लावून फोटो पाठवला. त्यांची एकच अट होती. मे महिन्यात त्यांच्या चारही खोल्या भरतात. दोन खोल्या माझ्यासाठी ठेवायच्या तर मी नक्की येतो असा शब्द द्यावा, आणि काही बदल असेल तर एप्रिलच्या मध्यापर्यंत कळवावं. त्या तारखेनंतर बाकीचे पैसेही द्यावे लागतील. मी शब्द दिला.

मार्चच्या शेवटी एका रविवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज तरुण होता.

"नमस्कार काका, प्लेनोहून बोलतोय. तुमचा नंबर तुमच्या मित्रांनी दिला. फेराराचं तुम्हीच बघता ना?"

"हो, मीच बघतोय," मी म्हटलं. मला वाटलं मित्राच्या ओळखीचं कुणी त्याच भागात चाललं असेल.

"आमचा व्हिला बुक झालाय काका, शहराच्या बाहेर. पाच कपल्स आहोत. स्विमिंग पूल आहे, मिलानहून एक गुजराती कुकपण मिळालाय. फक्त स्टेशनवरून एवढं सामान घेऊन जायचं कसं तेवढं कळत नाहीये. ते म्हणाले, आमचा एक माणूस आहे न्यू जर्सीत, स्वस्तात सगळं बसवून देतो. तुमची फी काय असते, काका?"

मी विचारलं, पाच जोडपी कोण कोण? त्याने सांगायला सुरुवात केली. चौथं नाव माझ्या मित्राचं आणि वहिनींचं होतं. कधी जाताय, असं विचारलं. त्याने सांगितलेला आठवडा आमचाच होता.

त्या मुलाची काही चूक नव्हती. मी त्याला सांगितलं की पाच जोडप्यांच्या बॅगा घेऊन बसच्या नादाला लागू नका, आधीच मोठी व्हॅन सांगून ठेवा, आणि परतीचा भाव त्याच वेळी ठरवून घ्या. फी काही नाही.

"काका, यू आर द बेस्ट," तो म्हणाला.

बायको मेथी निवडत बसली होती. मी तिला सांगितलं. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"वहिनींनी मला विचारलं होतं, पोहण्याचे कपडे घेऊ का म्हणून," ती म्हणाली. "मला वाटलं त्यांना फेराराला समुद्र आहे असं वाटतंय. मी हसले होते रे."

मित्राला मी त्याच दुपारी फोन केला.

"अरे, सांगणारच होतो तुला," तो म्हणाला. "तुला वाईट वाटेल म्हणून योग्य वेळ बघत होतो."

"कधीपासून ठरलंय?"

"तसं जानेवारीपासून चाललं होतं त्यांचं."

"मी पैसे भरले ते फेब्रुवारीत. तू समोर होतास. मी विचारलं होतं."

"तू इतकं सगळं शोधून काढलं होतंस, यार. नाही कसं म्हणायचं तुला?"

"मग 'भर' कसं म्हणालास?"

तो जरा चढ्या आवाजात म्हणाला, "हे बघ, तू समजून घे. इथले लोक वेगळे आहेत. रोज यांच्यात उठबस आहे माझी. सगळे व्हिलात राहणार, आणि मी त्यांना सांगू की मी बहात्तर युरोच्या खोलीत राहतोय? आता त्या कुपनांच्या पुस्तकाच्या बाहेर ये ना तूही."

मी म्हटलं, "आणि तुमचा एक माणूस आहे न्यू जर्सीत, त्याचं काय?"

"तो पोरगा काहीही बोलतो. मी तसं नाही म्हणालो."

"मग कसं म्हणालास?"

फोनवर वहिनींचा आवाज आला, "भावजी, रागावू नका हो. आम्ही दोन रात्री तरी तुमच्याकडेच येऊन राहू. खरंच." तो म्हणाला, "हो, ते नक्की. प्रॉमिस." तेवढ्यात त्यांच्याकडे कुणी तरी आलं आणि फोन संपला.

दुसऱ्या दिवशी त्याने ॲपवरून तीनशे डॉलर पाठवले. सोबत मजकूर होता, "ऑडिटरसाहेब, खातं क्लिअर." पुढे हसरा चेहरा. त्याच्या खोलीचे भरलेले पैसे याच्या निम्मेच होते. बाकीचे कशाचे होते, ते मी विचारलं नाही. सगळेच्या सगळे परत पाठवले आणि मजकुराच्या जागी काही लिहिलं नाही. पैशाचा प्रश्न असता तर तो तिथेच मिटला असता. मला त्याच्यासोबत एक सकाळ हवी होती, आणि ती मिळणार की नाही एवढंच मला कळायला हवं होतं.

एप्रिलच्या मध्याची तारीख जवळ आली. दुसरी खोली सोडायची तर बाईंना कळवायला हवं होतं. बायको म्हणाली, "कळवून टाक. भावजी येणार नाहीत."

"दोन रात्री म्हणालेत."

"म्हणाले होते तसं बरंच काही."

"आणि आले तर?"

"तर आपल्या खोलीत झोपतील गालिच्यावर. सवय आहे की त्यांना."

ती खरं बोलत होती हे मला कळत होतं. तरी मी कळवलं नाही. तो आला आणि त्याच्यासाठी जागा नाही, असं माझ्याकडून व्हायला नको होतं.

फेरारा मला वाटलं होतं तसंच निघालं. विटांच्या भिंती, दगडगोट्यांचे रस्ते, माझ्या आईच्या वयाच्या बायका सायकलवरून भाजी घेऊन चाललेल्या. बाईंनी दार उघडल्यावर आधी तळमजल्यावरची खोली दाखवली. न्हाणीत रबराची चटई घातली होती आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती. फोनमध्ये बोलून त्यांनी भाषांतर ऐकवलं, "गुडघेवाल्या ताईंसाठी." बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. तिने बाईंना सांगितलं, त्या उद्या येतील.

पहिल्या दिवशी मित्राचा मेसेज आला, सगळे जेट लॅगने आडवे आहेत. दुसऱ्या दिवशी व्हिलावर पास्ता शिकवायला कुणी तरी येणार होतं, पैसे आधी भरलेले होते, म्हणून निघता येणार नव्हतं. त्या संध्याकाळी बायकोने दुसऱ्या खोलीत दोरी बांधून आमचे कपडे वाळत घातले. "रात्रीला बहात्तर युरोची दोरी," ती म्हणाली. हसताना तिचे डोळे भरून आले.

तिसऱ्या दिवशी पाचही जोडपी शहरात आली. कॅथेड्रलसमोरच्या चौकात कॉफीला भेटायचं ठरलं. तो लांबून हात हलवत आला, मिठी मारली. मग त्या सगळ्यांकडे वळून म्हणाला, "हा माझा जुना मित्र. कुठे काय स्वस्त मिळतं ते याला विचारायचं. इटलीत काय, चंद्रावर पण सांगेल." सगळे हसले. फोन केलेला मुलगाही त्यांच्यात होता. तो मात्र हसला नाही. त्याने माझ्याकडे एकदा आणि माझ्या मित्राकडे एकदा बघितलं आणि मान खाली घालून साखरेची पुडी फोडत बसला.

वहिनींनी विचारलं, "खोली कशी आहे हो?"

"तुमची तळमजल्यावर आहे," मी म्हटलं. "पायरी नाही."

त्या काही बोलणार होत्या, पण व्हॅन थांबली आहे असं कुणी तरी ओरडलं. मी वेटरकडे वळलो तेवढ्यात मित्राने आपलं कार्ड पुढे केलं. "तू राहू दे रे. तुझं बजेट कोसळेल." पुन्हा सगळे हसले. मी त्याला विचारलं, "आज रात्री येताय का?" तो म्हणाला, "बघतो. कळवतो." इतकी वर्षं मी त्याला लोकांशी बोलताना ऐकलंय. 'बघतो, कळवतो' तो कुणाला म्हणतो हे मला माहीत आहे. मला तो पहिल्यांदाच म्हणाला. मेसेज आला नाही.

निघायच्या सकाळी बाई ओट्याशी बसून हिशोब करत होत्या. त्यांनी फोनमध्ये बोलून ऐकवलं, "ती खोली वापरली नाही. चादरी तशाच आहेत. तिचे निम्मे द्या." मी मानेनेच नको म्हटलं. मी लिहिलं असतं तर त्यांनी ती खोली दुसऱ्या कुणाला दिली असती, पण मी लिहिलं नव्हतं. बायकोनेच माझ्या पाकिटातून नोटा काढून ओट्यावर ठेवल्या. शहराचा मुक्काम-कर वेगळा होता, माणशी रात्रीला दोन युरो. मी चौघांचा देऊ लागलो तेव्हा बाईंनी मला थांबवलं. हा कर इथे झोपलेल्यांचाच घेता येतो, त्या म्हणाल्या. म्हणजे दोघांचे सोळा. बाकीचे दोनशे अठ्ठ्याऐंशी आणि हे सोळा, असे तीनशे चार युरो त्या बाईंना रोख दिले.