सरकी भरलेला खांदा

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी देऊळघाटच्या सासरी नवी होते. भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या करायच्या, तर धाकटीच्या लाकडी धडाला वाळवी लागलेली. पितळी मुखवटा तेवढा शाबूत. सासूबाईंची नजर त्याच वर्षी गेली होती. त्या कपाळाला हात लावून बसल्या. मी म्हटलं, "मी करते की." सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. माझे हात चांगले चालत, आणि तोंड त्याहून चांगलं.

कमरेला रॉकेलचा रिकामा डबा, त्यावर पालथं मडकं, हातांना पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काड्या, आणि वरून फाटक्या गोधडीच्या चिंध्या घट्ट गुंडाळल्या. पोलकं मात्र मुद्दाम नणंदेच्या पेटीतून काढलं. ती माझी शाळेतली मैत्रीण. आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून सासूबाईंनी तिला दार बंद केलं होतं. ती नांदुऱ्याला राहायची, आणि घरात तिचं नावही निघत नसे. सण माहेरवाशिणींचा, आणि घरची माहेरवाशीण बाहेर! मला संताप यायचा, आणि तिची आठवणही फार यायची. पोलक्यात मी सरकी ठासून भरली आणि उजवा खांदा जरासा उतरता ठेवला. तिचा तसाच होता.

मुखवटा चढवायच्या आधी सासूबाई म्हणाल्या, "मले पाहू दे." त्यांनी डबा ठोकून बघितला, कंबर चाचपली, हात दाबले. खांद्यापाशी आल्या आणि थांबल्या.

"हा खांदा असा काऊन व?"

नवरा दारातून खुणावत होता, गप्प बस. मी कशाची गप्प बसते!

"तिचा असाच हाये ना, आत्याबाई."

त्यांचा हात तिथून हलेना. मग लेकाला हाक मारून म्हणाल्या, "उद्या महालक्ष्म्यायचं जेवण हाये. जाय, तिले घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी नणंद आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. सासूबाई भिंतीच्या आधारानं तिच्यापर्यंत गेल्या. गालाला नाही, केसांना नाही, आधी उजव्या खांद्याला हात लावला. दाबून दाबून पाहिला. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या,

"तुह्यं चुकलं व. लयच सरकी भरली तू. माही पोरगी पार वाळली."