दुसरं प्रॉडक्ट

ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या तोंडी परीक्षेत मी एकदा उडाले होते. या वेळी उडाले तर कॉलेज बंद, असं काकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. आमच्या गोडदेव गावातल्या घरात काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

बाहेर पॅसेजमध्ये मुली घोकत होत्या, "एक एस्टर, एक ॲसिड." ॲनहायड्राइडमध्ये अल्कोहोल घातलं की त्याचे दोन तुकडे होतात. एक अल्कोहोलशी जुळून एस्टर होतो, दुसरा ॲसिड होऊन सुटतो. प्रश्न कुठलाही येवो, उत्तर हेच. या पोपटपंचीचा मला भारी राग, तरी त्या दिवशी मीही घोकत होते. भीतीपुढे अक्कल कसली!

आत दुसऱ्या कॉलेजातून आलेले परीक्षक होते. त्यांनी कागदावर थॅलिक ॲनहायड्राइड काढलं.

"यात एक मोल मिथेनॉल. प्रॉडक्ट्स सांगा."

"एक ए..." एवढं तोंडातून निघालं आणि मी थांबले. समोर रिंग होती, दोन्ही बाजू एकाच बेंझिनला बांधलेल्या. मग सुटून जाणार कोण?

"एकच होईल, सर. एका टोकाला एस्टर, दुसऱ्या टोकाला ॲसिड."

"आणि दुसरं प्रॉडक्ट?"

"नाही, सर."

"नक्की?"

आमच्याकडे मोठ्या माणसानं दुसऱ्यांदा विचारलं की आपलं चुकलंय असं समजायचं आणि बोलणं फिरवायचं. मागच्या परीक्षेत मी तेच केलं होतं, बरोबर उत्तर होतं तरी.

"सकाळपासून सगळ्या दोन सांगतायत," ते म्हणाले.

डोळ्यांपुढे काका दिसायला लागले.

"सर, रिंग उघडली तरी दोन्ही टोकं त्याच रेणूत राहतात. सुटायला काही उरतच नाही!" माझा आवाज चढलाच.

त्यांनी पेन खाली ठेवलं. संपलं सगळं, असं वाटलं.

"बरोबर," ते म्हणाले. "पुढच्या मुलीला पाठवा."

घरी आले तेव्हा आई ओट्याशी सुकट निवडत होती. मी तिला सगळं सांगायला घेतलं. रिंगचं तिला काही कळलं नाही, पण एका जागी तिचे हात थांबले.

"मोठ्या मान्साला उलट बोल्ली तू?"

"बोलले."

बाहेरच्या खोलीत काका होते, म्हणून तिनं आवाज अगदी खाली आणला.

"मंग? आयकला त्यानी?"