धाकट्याच्या खुर्चीत

सलूनवाल्या दादाचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. काल भरल्या दुकानात तो धाकट्या भावावर खेकसला, "वस्तरा धरता येत नाही तुला, गवत काप जा!" गिऱ्हाईक मध्येच शिंकलं म्हणून गाल कापला होता, हे त्याला नंतर कळलं. धाकट्याच्या मनात ते बोलणं रात्रभर सलत राहिलं.

दुसरा कुणी घरीच गुपचूप पाठ थोपटून मोकळा झाला असता. दादाने मात्र आज दुकान भरू दिलं, मग सरळ धाकट्याच्या खुर्चीत बसून मान मागे टाकली.

"काल चुकलो मी. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. कर दाढी."

धाकट्याने उचललेला वस्तरा खाली ठेवला.

"थांब दादा, आधी डोळे पुसू दे. नाहीतर तुझं कालचं बोलणं खरं व्हायचं."