घानात मी पाणी नको म्हटलं

घानाला कोण जाणार, असं मीटिंगमध्ये विचारल्यावर आमच्या टीममधल्या सगळ्यांना एकदम लॅपटॉपमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं. एकाचं उम्त्सूग होतं, म्हणजे घर बदलायचं होतं, दुसऱ्याला उन्हाचा त्रास. उरले मी. लुडविग्सहाफेनजवळच्या एका छोट्या कंपनीत मी इंजिनिअर आहे. आम्ही पाणी शुद्ध करायचे प्लांट बनवतो. घानातल्या एका गावात आमचा प्लांट बसून तयार होता, पण लोक पाणी न्यायला येईनात, ओढ्यावरच जात होते. गावाच्या पाणी समितीनं प्लांट ताब्यात घेतला नाही, तर तो उचलून दुसरीकडे न्यायचं ठरलं होतं. म्हणजे गाव पुन्हा ओढ्यावरच. "तू इंडियन आहेस, तुला जमेल," बॉस म्हणाला. कसं जमेल ते त्यालाही माहीत नसावं.

तुम्ही जाणार असाल तर आधी यलो फीव्हरची लस घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. विमानतळावर ते खरोखर बघतात. लस देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं की सीलबंद बाटलीशिवाय पाण्याला तोंड लावायचं नाही, बर्फ नको, कच्चं सॅलड नको. मी "या, गेनाऊ", म्हणजे हो, अगदी बरोबर, म्हणत सगळं ऐकून घेतलं. जर्मनीत राहून माणूस आज्ञाधारक होतोच.

अ‍ॅमस्टरडॅममार्गे अक्राला उतरले आणि पहिल्याच सिग्नलला हरखून गेले. डोक्यावर परात घेऊन बायका गाड्यांमधून फिरत होत्या. कुणाकडे पाण्याची पाकिटं, कुणाकडे केळ्याचे वेफर्स, एकीकडे तर चक्क मोबाइलचे चार्जर. दुकानांच्या पाट्या सगळ्या देवाच्या कृपेच्या. आपल्या 'साईकृपा ऑटोमोबाइल्स'चे हे चुलतभाऊच म्हणायचे. आमचा तिथला इंजिनिअर कोफी मला घ्यायला आला होता. त्यानं थेट ऑफिसला न नेता आधी टपरीवर नेऊन वाचे नावाचा भात खायला घातला. हा भात चवळीसारख्या कडधान्याबरोबर शिजवतात आणि वर शितो नावाची काळी, जाळ तिखट चटणी. चटणीत सुकट असते, शाकाहारींनी विचारून घ्यावं. मला ती इतकी आवडली की दुसऱ्यांदा मागून घेतली. पैसे लोक फोनवरूनच देतात, पण थोडी रोकड जवळ असू द्या, गावांकडे नेटवर्क रुसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावाला निघालो. अक्रा सोडेपर्यंत ट्रॅफिकनं जीव नकोसा केला, मग रस्ता छान होता आणि शेवटचा तुकडा तांबड्या मातीचा. मोठी गाडी घ्या, छोटी आपटते. वाटेत कोफीनं सांगितलं, "इथे पाहुण्याला आधी पाणी देतात. मग 'अमाने' विचारतात, म्हणजे कशासाठी आलात. सगळं माहीत असलं तरी विचारतात. तोपर्यंत कामाचं बोलायचं नाही."

समितीच्या प्रमुख आंटी अकोसुआ, बाजारात कापड विकणाऱ्या साठीच्या बाई. त्यांनी आम्हाला आंब्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं आणि स्वतः ट्रेमधून पाणी आणलं. ग्लास बघितला आणि मला डॉक्टरीणबाई आठवल्या. छान हसून मी म्हणाले, "नको, थँक्यू. आत्ताच झालं."

आंटींचा चेहरा उतरला. ट्रे आत गेला, अमाने विचारून झालं, मी लॅबचे रिपोर्ट दाखवले. समितीतले एक काका त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. सगळे हसले, पण माझ्याकडे कुणी बघेना. गाडीत बसल्यावर मी कोफीला विचारलं. तो म्हणाला, "ते पाणी आपल्याच प्लांटचं होतं. काका म्हणाले, जिनं मशीन बनवलं तीच पीत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण प्लांटपेक्षाही मला ते दोन शब्द छळत होते. 'आत्ताच झालं.' आम्ही बौद्ध. लहानपणी नांदेडला बाबांच्या बँकेच्या कॉलनीत राहायचो. शेजारचे लग्नाची पत्रिका द्यायला यायचे, सोफ्याच्या कडेला बसायचे. मे महिन्याचं ऊन असायचं, आई थंडगार पाणी आणायची आणि प्रत्येक जण गोड हसून म्हणायचा, "नको वहिनी, आत्ताच झालं." आई ते ग्लास कुंडीत ओतायची. आंटींच्या चेहऱ्यावर मी आईचं तेच दुखावलेपण बघितलं होतं, आणि हसू माझ्या तोंडावर होतं. मला स्वतःची शिसारी आली.

सकाळी मी कोफीला पुन्हा तिकडेच गाडी घ्यायला लावली. आंटींनी बसवलं, आत गेल्या आणि पुन्हा ट्रे घेऊन आल्या.

"आज तहान आहे का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"कालही होती. मी घाबरले होते आणि खोटं बोलले." मी अख्खा ग्लास संपवला आणि अजून मागितलं.

मग त्यांनी अमाने विचारलं. रिपोर्ट बॅगेतच ठेवून मी म्हणाले, "माफी मागायला आले. आमच्या घरचं पाणीही लोक असंच नको म्हणायचे."

"का? विहीर खराब होती?"

"नाही, विहीर चांगली होती. आम्हाला हलकं समजायचे."

 आंटी उठल्या, स्वतःचा पिवळा कॅन घेतला आणि प्लांटच्या नळाखाली लावला. काकांनाही हाक मारून त्यांनी ग्लास हातात दिला. समितीनं त्याच दुपारी सही केली. हल्ली कोफी पिवळ्या कॅनच्या रांगेचे फोटो पाठवतो. माझ्या पोटालाही काही झालं नाही, पण आल्झो, म्हणजे थोडक्यात, माझं बघून कुठलंही पाणी पिऊ नका. हे तपासलेलं होतं.

घरी परतले तर भारतातून आलेली आई मेथी निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, ते दोन शब्दसुद्धा. मला वाटलं, ती रागावेल.

"त्या बाईनं दुसऱ्या दिवशी परत पाणी विचारलं तुला?" एवढंच तिनं विचारलं.

"हो."

आईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "धीराची बाई आहे गं," ती म्हणाली. "मला नाही कधी कुणाला दुसऱ्यांदा विचारायचा धीर झाला."