न मोडलेला तुकडा

लॅबमध्ये तिला सगळे सोनारीण म्हणत. नखाच्या कातरणाएवढ्या स्फटिकावर केसासारखी तार चिकटवायची, तीही श्वास रोखून. "शिंकायचंय? आधी बाहेर व्हा!" ती डाफरली की सरसुद्धा नाक दाबून दाराकडे धावत.

स्फटिक टोपॉलॉजिकल जातीचा, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनांना भलतंच वागायला लावणारा, महालहरी. उष्णता वाहते त्याच दिशेने चुंबकीय क्षेत्र लावलं, की ती अडखळायची सोडून जास्तच वाहते, असं गणित सांगतं. क्वांटम नियमांतल्या एका विसंगतीमुळे डावखुरे इलेक्ट्रॉन गुपचूप उजव्यांच्या गोटात जाऊन बसतात आणि जाताना जास्तीची उष्णता नेतात. सोनारणीच्या आखूड, रुंद तुकड्यात ही वाढ दिसली आणि लॅब नाचायला लागली. ती मात्र म्हणाली, "थांबा हो! नुसत्या आकारानेही असं फसायला होतं. लांब, बारीक तुकड्यातही वाढ टिकली, तर खरी."

तेवढ्यात तिच्या बाबांचं ऑपरेशन निघालं. लांब तुकडा तिने मोजायला चिमणीच्या हवाली केला. चिमणी म्हणजे शेजारच्या टेबलावरची जिवाची मैत्रीण. तिचा फोन थेट दवाखान्यात आला. "अगं, मोडला गं तो! हातातच मोडला! मेले माझे हात!" हुंदक्यावर हुंदका. बाबांना सोडून सोनारीण व्हरांड्यात उभी राहून तिचीच समजूत काढत बसली.

परतली तर सर दारातच. "पेपर आज जातोय, बरं का. आखूड तुकडा पुरे, बरं का. पहिलं नाव तुझं, बरं का!"

ती खुशीत टेबलाशी गेली. तार काढायला डबी उघडली, तर आत लांब तुकडा. अख्खा. दोन्ही टोकांना तार चिकटवायची चंदेरी पेस्ट वाळलेली. म्हणजे मोजूनही झालेलं.

"वाढ दिसली नाही ना?" तिने शेजारच्या टेबलावर चिमणीला विचारलं.

चिमणीने डबीवर झाकण ठेवलं. मग हळूच, "सर म्हणाले, कशाला उगाच... अगं, तुझ्याचसाठी ना! तुझं नाव होतंय!"

"आणि ते रडणं?"



सोनारीण सरांकडे गेली. "लांब तुकड्याचा आलेख घाला, नाहीतर माझं नाव काढा."

"एवढ्याशा तुकड्यापायी? वेडी आहेस का, बरं का!"

पेपर संध्याकाळी गेला, लांब तुकड्याच्या आलेखाशिवाय. पहिलं नाव चिमणीचं, सोनारणीचं कुठेच नाही. लॅबने टाळ्या वाजवल्या. सवयीने सोनारणीचेही हात उचलले गेले, आणि तिने ते तसेच खाली घेतले.