हेर क्राइझर यांच्या काडतुसांना दाखवलेलं ऊन

ऑगस्ट १९६१, पश्चिम जर्मनीतल्या श्टुटगार्टचं उपनगर त्सुफेनहाउझेन. तिकडे बर्लिनमध्ये भिंत उभी राहायला लागली आणि इकडे आमच्या गल्लीत जो तो साखर, पीठ, डबाबंद मटार भरत सुटला... आमच्या घरमालकांनी काडतुसं भरली.

नातीने फोनवर मराठी कीबोर्ड घालून दिलाय, म्हणून इतक्या वर्षांनी हे लिहितेय. घरमालकांचं नाव हेर क्राइझर; हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. साठीचे, एकटे, शिकारीचा रीतसर परवाना असलेले. युद्ध पाहिलेला माणूस... पुन्हा काही झालं तर आपण रिकाम्या हाताने सापडायचं नाही, हे त्यांनी पक्कं केलं होतं.

आम्ही त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचो. हे श्टुटगार्टला डॉक्टरेट करत होते आणि मला सातवा महिना लागला होता. आधी सहा घरांनी नाही म्हटलेलं. क्राइझरांनी तीन महिने बघू, मग ठरवू, अशा बोलीवर ठेवून घेतलं, आणि ते तीन महिने सप्टेंबरअखेर संपणार होते.

पोटात बाळ घेऊन पुन्हा दारोदार फिरायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. तक्रारीला जागाच ठेवायची नाही. तिथे केअरवोखे असते, म्हणजे आठवडाभर जिना आणि तळघर झाडायची पाळी... माझी पाळी असली की मी जिन्याचे कठडेसुद्धा पुसायची.

त्या आठवड्यात झाडू घेऊन तळघरात उतरले, तर माझा तांदळाचा डबा आणि लोणच्याची बरणी जमिनीवर! फळीवर काडतुसांची पुठ्ठ्याची खोकी. भिंतीला ओल आलेली, पुठ्ठा हाताला मऊ लागत होता. एक काडतूस उचलून पाहिलं तर पितळेवर हिरवा कळक चढलेला.

आता ज्या घरात दर एप्रिलमध्ये गच्चीभर पापड, सांडगे, मिरच्या वाळायच्या, त्या घरची मी मुलगी. दमट झालं की ऊन दाखवायचं, एवढंच मला ठाऊक. बादलीतून तीन खेपा केल्या, बाल्कनीत जुनं सुती पातळ अंथरलं आणि काडतुसं पसरून टाकली.

पसरताना हात आपोआप निवडायला लागले. प्रत्येकाच्या बुडाशी बारीक आकडे कोरलेले होते... सात मिलिमीटरची एका बाजूला, आठची दुसऱ्या, कळकलेली तिसऱ्या. समोरच्या घरातली बाई खिडकीतून डोळे फाडून बघत होती. मी तिला मान हलवून गुटन टाग म्हटलं.

दुपारी क्राइझर आले आणि बाल्कनीच्या दारातच थबकले. चेहरा पांढराफटक. काडतुसं उन्हात ठेवत नसतात, हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्यावरून मला वाटलं... गेली खोली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. दोघांनी मिळून पातळ हळूच सावलीत ओढलं.

मग ते ढिगांकडे बघत बसले. हे वेगवेगळं का, म्हणून विचारलं. मी आकडे दाखवले. त्यांनी एक काडतूस डोळ्यांजवळ नेलं, मग हात लांब केला, मग उजेडाकडे वळले... आणि 'या, गेनाऊ', म्हणजे हो, अगदी बरोबर, असं म्हणत ते आठच्या ढिगात टाकलं. ते सातचं होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांची बंदूक आठची, हे त्यांनीच आम्हाला पहिल्या दिवशी मिरवून सांगितलं होतं. दुकानात त्यांना आकडे दिसलेच नव्हते आणि विचारायला अभिमान आड आला होता. एवढ्या बेगमीतली मूठभरच त्यांच्या कामाची होती.

मी ते काडतूस उचलून सातच्या ढिगात ठेवलं, ते त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, उद्या माझ्याबरोबर दुकानात चला, तुम्ही वाचा, मी घेतो. आणि खोल्यांचं काय ते बघू, राहा तुम्ही.

हो म्हटलं असतं तर घर पक्कं होतं. पण ज्याला हातातला आकडा दिसत नाही, त्याला झाडामागचा माणूस दिसेल का? आणि माझं बाळ याच घरात रांगणार होतं... माझ्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये मी म्हटलं, "नाही. आधी चष्मा, मग दुकान."

ते उठले आणि खाली निघून गेले. दोन दिवस आमच्याशी एक शब्द नाही. हे माझ्यावर वैतागले, "अगं, काय गरज होती तुला?" मी म्हटलं, "होती." आतून मात्र पार घाबरले होते, हे आज कबूल करते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. क्राइझर, नाकावर जाड काळ्या काड्यांचा चष्मा... आम्ही दुकानात गेलो. त्यांनी प्रत्येक खोक्यावरचा आकडा स्वतः मोठ्याने वाचला आणि तरीही खात्रीसाठी माझ्या हातात दिला. आठचीच, दोनच खोकी घेतली. न चालणारी आणि कळकलेली दुकानदाराकडे देऊन टाकली. नवी दोन खोकी घट्ट झाकणाच्या डब्यात, वरच्या कोरड्या खोलीतल्या कुलपाच्या कपाटात गेली. माझा तांदूळ परत फळीवर आला.

सप्टेंबर संपताना ते भाडेकरार घेऊन वर आले. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून सावकाश वाचला, तीन महिन्यांचं कलम आलं तिथे पेनाने आडवी रेघ मारली आणि सही केली. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. त्या रेघेसाठी मी त्या माणसाची आजही ऋणी आहे.

लेक त्याच घरात रांगायला लागली. क्राइझरांनी तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं, तेव्हा तिने थेट त्यांचा चष्मा धरून ओढला... आणि त्यांनी ओढू दिला.