बोक्याची आत्या

मुलुंड पूर्वेच्या एका जुन्या सोसायटीत, तळमजल्यावर, सुलक्षणा परब यांनी बावीस वर्षं पाळणाघर चालवलं. मुलं सकाळी झोपाळलेली यायची आणि संध्याकाळी साडेसहाला आयांच्या कडेवर बसून जायची. या बावीस वर्षांत अकरा मुलांनी पहिलं पाऊल सुलक्षणाच्या लादीवर टाकलं. तिने एकाही आईला ते कळू दिलं नाही. दोन दिवसांनी एखादी धावत यायची, "काकू, काल चालला तो! पहिल्यांदाच!" मग सुलक्षणा म्हणायची, "हो का? पहिल्यांदाच?" आणि आत जाऊन जोरजोरात भांडी घासायची.

गुडघे दुखायला लागले, पाळणाघर बंद झालं, आणि त्याच वर्षी तो बोका दारात आला. साईच्या रंगाचा, चांगला थोराड. दार उघडं असलं तरी आत येत नसे. उंबऱ्याबाहेर बसून बघत राही. सुलक्षणाच्या माहेरच्या गावचे खोत अगदी असेच. गोरेपान, पोट सुटलेलं. काठी टेकत अंगणात यायचे, तोंडाने काही मागायचे नाहीत, पण घरातून काहीतरी बाहेर आल्याशिवाय हलायचेही नाहीत. तिने बांगड्याचं डोकं पुढे ठेवलं आणि मनात म्हणाली, 'घ्या, खोत.'

मनातच. कारण चंद्रप्रकाशांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, पहिल्याच दिवशी आपल्या मालवणी वळणात बजावलं होतं, "खायला घाल, पण नाव ठेवू नको हां, सुलू. एकदा नाव ठेवलंस की तो घरचोच झालो समज. माझ्या दम्याचं काय?"

दोन वर्षं तिने नाव ओठांवर येऊ दिलं नाही.

मग दुसऱ्या मजल्यावर नीला दामले राहायला आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलायला गोड. सोबत आठ वर्षांची नात, अबोली. महिनाभरात बोका संध्याकाळचा वर जायला लागला. नीलाताईंकडे त्याच्यासाठी चिनी मातीची बशी आली, गादी आली. रोज साडेसहाला त्या खाली उतरायच्या, बोक्याला उचलायच्या आणि म्हणायच्या, "चला, घरी चला."

'घरी' हा शब्द सुलक्षणाला मिरचीसारखा झोंबायचा.

"सोफ्यावर केस पडतील हो," ती एकदा म्हणाली.

"पडू देत की. पोरांसारखंच असतं ना त्यांचं."

पोरांसारखं! हे मला सांगते, सुलक्षणाच्या मनात आलं. त्या दिवशी तिने बांगड्याऐवजी सुरमई आणली. बोका खाऊन वर गेला.

एका रविवारी अबोली निरोप घेऊन आली. "काकू, आज आमच्याकडे बारसं आहे. बासुंदी नाव ठेवलंय."

"बोक्याला? बासुंदी?"

"रंग बघ ना त्याचा! आणि तू आत्या. कानात नाव तू सांगायचं. आजी म्हणाली, मोठा मान असतो."

मान असतो, हे सुलक्षणाला ठाऊक होतं. पण आत्या म्हणजे पाहुणी. नाव सांगायचं, खण घ्यायचा आणि आपल्या घरी जायचं. बाळ आईकडेच राहतं. सोसायटीतल्या कोणालाच यात काही खुपलं नाही. खुपलं ते फक्त तिला, आणि बोलायची सोय नव्हती.

ती गेली. भाजीची टोपली फुलांनी सजवली होती, घुगऱ्या केल्या होत्या. सुलक्षणा टोपलीवर वाकली, त्या मऊ कानाशी तोंड नेलं, आणि दोन वर्षं गिळलेला शब्द हळूच सोडला. "खोत." बोक्याने कान झटकला. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. मग तिने मोठ्याने सांगितलं, "बासुंदी!" आणि खण घेऊन खाली आली.

दुसऱ्या दिवशी अबोली दारात उभी. "काकू, तू कानात बासुंदी नाही म्हणालीस."

"मग काय म्हणाले?"

"ते नाही कळलं. पण बासुंदी म्हणायला जास्त वेळ लागतो. तू लगेच उठलीस."

"जा, अभ्यास कर," सुलक्षणा म्हणाली. पण तिचे कान तापले.

आठवडाभराने, साडेसहाला, नीलाताई बोक्याला पोटाशी धरून तिच्या दारापाशी थांबल्या. चेहरा नुसता फुललेला. "वहिनी, आज काय गंमत! हा उताणा लोळला, पोट खाजवून घेतलं. पहिल्यांदाच!"

बावीस वर्षांचं वाक्य तयार होतं. हो का? सुलक्षणाने तोंड उघडलं.

"पहिल्यांदा नाही," ती म्हणाली. "माझ्या दारात दोन वर्षं लोळतोय. आणि त्याचं नाव खोत आहे."

नीलाताई बघतच राहिल्या. "मग बारशाच्या वेळी बोलला का नाहीत?"

"आत्याला कोण विचारतं, नीलाताई? तुम्ही नाव ठरवून मग मला बोलावलंत."

मग नीलाताईंनी वाकून बोक्याला खाली ठेवलं. तो अंग झटकून उंबऱ्याबाहेर बसला, नेहमीसारखा, दोघींपैकी कोणाकडेही न बघता.

आतून चंद्रप्रकाशांचा आवाज आला, "सुलू, नाव घेतलंस मां? मग आता बाहेर कित्याक बसवतस?"

तिने दार पूर्ण उघडलं. खोत आत आले.

नीलाताई जिना चढत होत्या. एक हात अजून पोटाशी तसाच वळलेला. साडेसहाला हात रिकामे झाले की ते काही वेळ असेच राहतात, हे सुलक्षणाला कोणी सांगायला नको होतं. हाक मारावी, असं क्षणभर आलं मनात.

तिने मारली नाही. आज तरी नाही.